सातव्या मजल्यावरील राष्ट्रीय सुरक्षा धोरण

शिवदास खिल्लारे यांचा मूळ विषय छत्री हा होता. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढे जे घडले त्याचा उगम तेथे आहे आणि लोक तो उगाच दिल्लीत शोधतात. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील छत्र्यांच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षे अंतिम तपासनीस होते. तयार छत्री उघडायची, एकदा गोल फिरवायची, आठही काड्या नजरेखालून घालायच्या आणि मिटायची. दिवसाला सातशे. सुट्ट्या वजा जाता हा आकडा त्रेसष्ट लाखांच्या घरात जातो. छपराखाली उभे राहून इतक्या छत्र्या उघडलेला दुसरा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.

उत्तरेकडील बलाढ्य शेजाऱ्याची छत्री निम्म्या दरात बाजारात आली आणि कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी मालकाने तसली एक छत्री टेबलावर ठेवली. खिल्लाऱ्यांनी ती तपासली. तो प्रसंग त्यांनी मला पुढे अनेकदा सांगितला.

"सर, खोट काढायची म्हणून दहा वेळा उघडली. अकराव्या वेळी कळलं, छत्री चांगली आहे. त्या दिवशी मला खरी भीती वाटली."

माझ्या मते त्यांच्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचे हे पहिले वाक्य होय, जरी प्रत्यक्ष मसुद्यात ते पृष्ठ चारवर आले आहे.

येथे माझा परिचय आवश्यक आहे. मी दत्ताराम मयेकर, वय अठ्ठ्याहत्तर, एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून अधीक्षक म्हणून निवृत्त. चारकोपमधील नवप्रकाश सहकारी गृहनिर्माण संस्था, ए विंग, हिचा मी गेली चौदा वर्षे मानद सचिव आहे. पहिल्या मजल्यावर राहतो. खिल्लारे सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतात.

धोरणाची सामग्री घरातच होती. खिल्लाऱ्यांच्या पत्नी नंदाताई नववीत शाळा सोडून, लग्न होऊन परभणीकडून मुंबईस आल्या. बावीस वर्षे त्यांनी साड्यांना फॉल-पिको केले. पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावी, मग बारावी, आणि सासूबाईंच्या दीर्घ आजारपणातून मोकळ्या झाल्यावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. सर्व विषय सुटले, एक राहिला: आंतरराष्ट्रीय संबंध. त्यात त्या दोनदा नापास झाल्या. मशीन चालू असताना वाचता येत नाही, म्हणून खिल्लारे पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून दाखवीत. वाचता वाचता ते थांबत आणि लेखकाशी वाद घालीत.

"अहो, पुढे वाचा. परीक्षा माझी आहे," नंदाताई म्हणत.

"पण हा माणूस चुकतोय, नंदा!"

"चुकू दे. त्याच्या चुकीलाच मार्क आहेत."

या वादांची एक वही झाली, वहीची पाच झाली आणि अखेर टंकलिखित एकशे बारा पृष्ठांचा ग्रंथ झाला: 'प्रतिस्पर्धी महासत्तेच्या शेजारी राहणाऱ्या राष्ट्राचे सुरक्षा धोरण'. प्रतिस्पर्ध्याचे नाव त्यांनी कोठेही घेतलेले नाही. सर्वत्र 'उत्तरेकडील पक्ष' असा उल्लेख आहे. ग्रंथ हास्यास्पद आहे, असे जे म्हणतात त्यांनी तो वाचलेला नाही. मी वाचला आहे. त्यात एक वाक्य आहे: 'छत्री पाऊस थांबवीत नाही; ती आपल्याला चालत राहू देते.' दुसरे असे: 'काडी जेथे वाकते तेथे मोडत नाही, जेथे वाकण्यास नकार देते तेथे मोडते.' दुर्दैवाने याच ग्रंथात प्रत्येक मजल्यावर वाळूच्या दोन बादल्या ठेवण्याची तरतूदही होती.

दरवर्षी प्रजासत्ताकदिनी ते धोरणाची प्रत टपालाने दिल्लीस पाठवीत. सात वर्षांत एकच उत्तर आले. एका कार्यालयाने ती प्रत दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठविली आणि शेवटी लोकरीशी संबंधित कोणा अधिकाऱ्याने, आपल्या सूचना मेंढपाळांच्या हिताच्या असून त्यांची नोंद घेतली आहे, असे कळविले. ग्रंथात हिमालयातील कुरणांवर दीड पृष्ठ होते, ही गोष्ट खरी.

खिल्लारे खचले नाहीत. "सर, दोष आपला आहे. आपण प्रयोग न करता माल पाठवला. जे धोरण अठ्ठावीस घरांना पेलत नाही, ते देशाला कसं पेलणार?"

अशा रीतीने ते वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आले.

आमच्या संस्थेची एक प्रथा येथे सांगणे भाग आहे, कारण पुढील अनर्थ तिच्यातून झाला. सभेस एकोणीस सभासद हजर असावे लागतात. तितके कधीही येत नाहीत. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असल्याने सहाची सभा म्हणजे साडेसहाची, असे इमारतीत लहानथोर धरून चालतात. सहा वाजता मी एकटा असतो. मी घड्याळ पाहतो, सभा तहकूब करतो, अर्धा तास बसतो आणि मग सभासद येतात. चौदा वर्षे हा क्रम अबाधित होता.

त्या वर्षी तहकूब सभेस अकरा सभासद होते आणि त्यांची नजर समोशांकडे होती. ठराव क्रमांक नऊ: उत्तरेकडील पक्षाच्या देशात बनलेली कोणतीही वस्तू संस्थेच्या खर्चाने अथवा संस्थेच्या सामाईक जागेत आणली वा बसविली जाणार नाही. चौथ्या मजल्यावरील नितेश, जो विमानतळाच्या मालवाहतूक विभागात कामास आहे, एवढेच म्हणाला, "काका, झकास आहे. पास करा. समोसे थंड होतायत." ठराव एकमताने संमत झाला.

अंमलबजावणी खिल्लाऱ्यांनी स्वतःपासून केली. टेहळणीसाठी घेतलेल्या दुर्बिणीवर त्यांना बारीक अक्षरांत उत्पादक देशाचे नाव आढळले. त्याच दिवशी त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, 'जप्त सामग्री क्र. १' अशी चिठ्ठी लावून माझ्या स्वाधीन केली. क्रमांक दोन ही तिसऱ्या मजल्यावरील वनमालाबाईंची विजेची समई होती. ती त्या जिन्यातल्या कोनाड्यात लावीत.

"खिल्लारे, समई चायनाची असेल," वनमालाबाई म्हणाल्या, "गणपती तर आमचा आहे ना? त्याला काय अंधारात बसवू?"

"वनमालाताई, तेलाची लावा."

"तेल तुम्ही आणून द्या."

त्यांनी खरोखरच दरमहा तेल आणून दिले. स्वतः बौद्ध असलेल्या या मनुष्याने दुसऱ्याच्या गणपतीस राष्ट्रीय सुरक्षेपोटी वर्षभर तेल पुरविले, याची नोंद कोठेतरी असावी म्हणून येथे करतो.

धोरणाचा सहावा अध्याय सीमेविषयी आहे. आमच्या दोन विंगा पूर्वी एक संस्था होत्या. सहा वर्षांपूर्वी गच्चीवरील कपड्यांच्या दोऱ्यांवरून विभक्त झाल्या. गच्च्या लागून आहेत, मध्ये भिंत आहे आणि भिंतीत लोखंडी दार आहे. दाराला अलीकडून आमची कडी व आमचे कुलूप, पलीकडून त्यांची कडी व त्यांचे कुलूप. बी विंगचे अध्यक्ष चंद्रप्रकाश नाईक हे मंडपवाले आहेत, मूळचे आमच्याच मालवणकडचे. अध्याय सहामधील मुख्य वचन असे: 'जो पक्ष आपले कुलूप प्रथम उघडतो, तो त्यानंतर कायमचा दुसरा राहतो.' नाईकांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. मत मात्र त्यांचे तंतोतंत हेच होते.

आता मूळ घटनेकडे येतो.

परीक्षेस पाच आठवडे असताना खिल्लाऱ्यांनी नागरी संरक्षणाची कवायत घेतली. भोंगा म्हणून त्यांनी कुकरची शिट्टी योजली होती. शिट्टी होताच सर्वांनी जिन्यात यायचे. नंदाताई गॅस बंद करून लगबगीने बाहेर आल्या आणि दारातील वाळूच्या बादलीवर अडखळून पडल्या. गुडघ्याखाली हाड मोडले. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सरळ ठेवून प्लास्टर झाले. धोरणाचा पहिला जखमी, आणि तोही स्वपक्षाकडून.

"आता अभ्यासाला वेळ मिळाला," एवढेच त्या म्हणाल्या. परंतु नोंदणीची मुदत त्या सत्राबरोबर संपत होती. हा पेपर हुकला तर बी.ए. पहिल्या वर्षापासून. परीक्षा मंगळवारी, सकाळी दहास, बोरिवलीच्या केंद्रावर.

परीक्षेच्या नऊ दिवस आधी, रविवारी, लिफ्ट बंद पडली.

तंत्रज्ञ आला. त्याने निदान केले की नियंत्रणाचे कार्ड जळाले आहे. "अंधेरीला तयार मिळतं. चायनाचं आहे. आज बोला, उद्या लिफ्ट चालू. इंडियन पाहिजे तर ऑर्डर द्यावी लागेल, तीन आठवडे."

मी ठराव क्रमांक नऊ त्याला वाचून दाखविला. त्याने तो ऐकून घेतला. मग म्हणाला, "काका, जळालेलं पण चायनाचंच होतं."

माझ्यापुढे एकच वैध मार्ग होता: विशेष सभा बोलावून ठराव रद्द करणे. बावीस सभासदांनी मागणीपत्रावर सह्या केल्या. पाच पूर्ण दिवसांची नोटीस देऊन सभा शनिवारी सायंकाळी सहास ठेवली. शनिवारी ठराव रद्द, रविवारी कार्ड, सोमवारी लिफ्ट, मंगळवारी परीक्षा. सर्व जुळत होते.

सभेपूर्वी खिल्लारे माझ्याकडे आले होते. मी विचारले, "तुमचे मत कोणत्या बाजूस?"

"ठरावाच्या बाजूनं, सर. धोरणाला अपवाद केला की ते धोरण राहत नाही." ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. "पण बावीसजणं विरुद्ध जाणार. बहुमतापुढे माणूस काय करणार? हरलो तर हरलो." आणि मग हळूच, "हरणारच ना, सर?"

"गणित तसे सांगते."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि लगेच दुरुस्त केले, "म्हणजे, दुर्दैव."

सहा वाजता मी, खिल्लारे आणि वनमालाबाई असे तिघे हजर होतो. आमच्या उपविधींत एक तरतूद आहे. सभासदांच्या मागणीवरून बोलाविलेली विशेष सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत नाही. अर्ध्या तासात गणपूर्ती न झाल्यास ती रद्द होते. नोटिशीच्या तळटिपेत मी हे लिहिले होते. तळटीप वाचली जात नाही, हे परीक्षा विभागात चाळीस वर्षे काढलेल्या मनुष्यास ठाऊक असायला हवे होते. ती चूक माझी.

सव्वासहा झाले. खिल्लारे उठून जिन्याशी गेले आणि वर पाहून परत आले. सहा पंचवीसला त्यांनी खाली उभे राहून हाक मारली, "नितेश! अरे, या ना रे!" चौथ्या मजल्यावरून उत्तर आले, "काका, टाइम आहे अजून! साडेसहाला येतो ना!"

साडेसहा वाजता मी सभा रद्द झाल्याचे घोषित करून तसे लिहिले आणि सही केली. सहा एकतीसला जिन्यातून पावले वाजू लागली. लिफ्ट बंद असल्याने सर्वजण रांगेने उतरत होते. एकवीस सभासद. इतकी उपस्थिती संस्थेच्या इतिहासात झालेली नाही.

"सर, तुम्ही पण ना यार!" नितेश म्हणाला. "दोन मिनिटांनी काय बिघडलं असतं?"

"एक मिनिट," मी म्हणालो. "आणि काय बिघडले असते ते तुझ्या खिल्लारेकाकांना विचार. बिघडले आहे."

खिल्लारे जिंकले होते. ठराव क्रमांक नऊ कायम होता. इतका पडलेला विजयी चेहरा मी पाहिलेला नाही. नवी सभा म्हणजे पुन्हा पाच दिवसांची नोटीस, आणि परीक्षेस तीन दिवस होते. "सर, आपण खासगीत कार्ड बसवून…" असे नितेशने सुरू केले, पण लिफ्ट ही सामाईक जागा आहे आणि वाक्य पूर्ण होण्यापूर्वी खिल्लाऱ्यांनीच नकारार्थी मान हलविली. अपवाद त्यांना अजूनही नको होता.

रविवारी नंदाताईंना खुर्चीत बसवून उचलून नेण्याचा प्रयोग झाला. आमचा जिना चिंचोळा आहे. पहिल्याच वळणावर त्यांचा सरळ पाय कठड्याच्या गजांत अडकला. खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. चार पुरुष चार दिशांनी सूचना देत होते.

"थांबा रे सगळे," नंदाताई म्हणाल्या. "मी काही कपाट नाही. मला घरी न्या."

सोमवारी मी त्यांना भेटावयास गेलो. मला अपराधी वाटत होते. त्या पलंगावर पाय पसरून पुस्तक वाचत होत्या. खिल्लारे खिडकीशी पाठ करून उभे होते.

"मयेकर सर," त्या म्हणाल्या, "गच्चीचा जिना सरळ आहे. वळण नाही. वर नेलंत तर दार उघडून बी विंगच्या लिफ्टनं मी खाली जाईन. प्रेमाशी बोलले मी. ती तयार आहे." प्रेमा म्हणजे नाईकांच्या पत्नी.

"दार उघडावं लागेल," खिडकीकडून आवाज आला.

"दारं त्यासाठीच असतात."

"सहावा अध्याय, नंदा."

नंदाताईंनी पुस्तक मिटले. "सहावा अध्याय कुठून आला, सांगू का सरांना? माझ्या पुस्तकाच्या पान एकशे चाळीसवरून. पुढचं पान तुम्ही वाचलंच नाही. मशीनचा दोरा तुटला म्हणून मी उठले, आणि तुम्ही लिहायला बसलात."

"काय आहे पुढच्या पानावर?" मी विचारले.

"जोरदार स्पर्धा करणारे सुद्धा फोन उचलतात, असं आहे."

फोन मी केला. नाईक मालवणीत बोलले. मी प्रमाण मराठीत उत्तरे दिली, कारण विषय अधिकृत होता.

"मयेकरानू, माझा काय म्हणणा नाय. बाईमाणसाची परीक्षा आसा, दार उघडूक होया. माझो टेंपो पण घेऊन जावा. पण आधी तुमचा कुलूप निघूक होया. मागसून आमचा."

"आमच्या पक्षाचीही नेमकी हीच अट आहे, उलट दिशेने."

"मगे उद्या सकाळी बघूया. नवाक गच्चीर."

आमच्या कुलपाची किल्ली मोहोरबंद पाकिटात माझ्या कपाटात होती. ती मी त्या संध्याकाळी खिल्लाऱ्यांची सही घेऊन पाकिटासकट त्यांच्या स्वाधीन केली.

मंगळवारी नऊ वाजता नितेश व आणखी तिघांनी नंदाताईंना खुर्चीसह गच्चीवर आणले. त्यांच्या मांडीवर प्रवेशपत्र, दोन पेने आणि पाण्याची बाटली होती. खिल्लारे आधीच आले होते. दाराशी, कुलपावर तळहात ठेवून, पहाऱ्यावर असल्यासारखे उभे. पलीकडून नाईकांचा आवाज आला.

"खिल्लारे, इलास?"

"आलोय. काढा कुलूप."

"आधी तुमी."

"आधी तुम्ही."

मी तोडगा सुचविला: मी तीनपर्यंत मोजतो, तीनवर दोघांनी उघडावे. मोजले. तीन झाले. दोन्हीकडे शांतता. मग पलीकडून प्रेमाताईंनी मोजले. तीच शांतता. नितेश म्हणाला, "वाट लागली." नऊ पंचवीस झाले. मनातल्या मनात मी हिशेब केला: परीक्षागृहात अर्ध्या तासापर्यंतचा उशीर चालतो, साडेदहानंतर नाही. आमच्या इमारतीस अर्ध्या तासाचे महत्त्व नुकतेच कळले होते.

"मयेकर सर," नंदाताई म्हणाल्या, "बंद दाराच्या पलीकडचं कुलूप इथून कुणाला दिसतं का?"

"नाही."

"आणि आपलं तिकडून?"

"तेही नाही."

"मग कुणी आधी उघडलं हे कोण सांगणार?" त्यांनी आवाज चढविला, पलीकडे जावा इतका. "नाईकभाऊ, ऐका. तुम्ही दोघं काढा. मग तुम्ही तुमच्या लोकांना सांगा, खिल्लाऱ्यांनी आधी काढलं. हे आमच्या लोकांना सांगतील, नाईकांनी आधी काढलं. दोघंही जिंकलात. मला पेपरला जाऊ द्या."

मग नाईक म्हणाले, "बाई, तुमचो पेपर कसलो?"

"आंतरराष्ट्रीय संबंध."

"मगे तुमी पासच."

पलीकडे किल्ली फिरल्याचा, कडी खरडत सरकल्याचा आवाज झाला. दार उघडले. सहा वर्षांनी प्रथमच दोन्ही गच्च्यांवरील कपडे एकमेकांना दिसले.

पलीकडचा जिनाही तसाच सरळ होता. सातव्या मजल्यावर बी विंगच्या लिफ्टमध्ये नंदाताई, त्यांची खुर्ची आणि प्रेमाताई मावल्या. आणखी एकाची जागा होती. खिल्लारे लिफ्टच्या दारातच थांबले. बटनांच्या पट्टीखाली बारीक अक्षरांत उत्पादक देशाचे नाव होते आणि ते त्यांनी वाचले होते. इतर कोणीही ते वाचले नसते.

"अहो, या ना आत," नंदाताई म्हणाल्या.

"तू हो पुढे. मी जिन्यानं येतो."

आणि सहासष्ट वर्षांचा तो मनुष्य सात मजले पळत उतरला. लिफ्ट बरीच संथ आहे. प्रत्येक मजल्यावर तो जाळीच्या दाराशी तोंड नेऊन ओरडत होता, "नंदा, आहेस ना?" आणि आतून, "आहे हो, आहे!" असे उत्तर येत होते. बी विंगचे रहिवासी दारे उघडून पाहू लागले. पहिल्या मजल्यावर हाक आली नाही, दम संपला होता, तेव्हा लिफ्टमधूनच आवाज आला, "अहो, आहात ना?"

खाली नाईकांचा टेंपो होता. रिक्षात सरळ पाय मावला नसता. टेंपोत आदल्या दिवशीच्या लग्नाचा सोफा तसाच होता: लाल मखमलीचा, सोनेरी हातांचा, नवरानवरीचा. नंदाताई त्यावर पाय पसरून बसल्या, शेजारी घामाने निथळणारे खिल्लारे. चारकोप ते बोरिवली हा प्रवास त्यांनी असा केला. सिग्नलला एका बाईने टाळ्या वाजविल्या, असे खिल्लारे सांगतात. नंदाताई परीक्षागृहात दहा वाजून बारा मिनिटांनी पोहोचल्या.

संध्याकाळी मी चौकशीस गेलो. पेपर बरा गेला होता.

"माझ्या धोरणातलं काही लिहिलंस का?" खिल्लाऱ्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी दिवसभर मनात धरून ठेवला होता, हे स्पष्ट दिसत होते.

"लिहिलं की. चार पानं."

ते ताठ बसले.

"प्रश्न होता, प्रतिस्पर्ध्याशी सर्व व्यवहार तोडण्याच्या धोरणातले दोष सांगा." नंदाताईंनी चहाचा कप पुढे केला. "उदाहरणं भरपूर होती माझ्याकडे."

निकालात त्यांना बासष्ट गुण मिळाले. लिफ्टला तीन आठवड्यांनी देशी कार्ड बसले, ठराव क्रमांक नऊ अबाधित राहिला आणि वनमालाबाईंच्या समईस अजून तेल पोहोचते. सभासद मात्र आता सभेस पावणेसहाला येतात. त्याचा मला थोडा त्रासच होतो, कारण माझी तयारी झालेली नसते.

इतिवृत्ताविषयी. मी चौदा वर्षांत असत्य लिहिलेले नाही आणि त्या दिवशीही लिहिले नाही. आमच्या वहीत असे आहे: 'पलीकडील कुलूप प्रथम उघडण्यात आल्याचे श्री. खिल्लारे यांनी सांगितले.' बी विंगच्या वहीत याच्या उलट आहे, असे ऐकतो. परंतु मी त्या दाराच्या अलीकडे उभा होतो आणि मी जे पाहिले ते वहीत नाही. नाईकांच्या कडीचा आवाज झाला तेव्हा खिल्लाऱ्यांनी किल्ली वापरलीच नाही. त्यांनी कुलपावरचा तळहात फक्त उचलला, आणि कुलूप त्यांच्या हातात आले. किल्ली टाकीच्या कठड्यावर माझ्या पाकिटावर पडलेली होती. कडी आवाज न करता सरकली. सहा वर्षांचा गंज होता तेथे काळे तेल ओघळत होते, आणि त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता.

त्यांनी ते आम्ही येण्यापूर्वीच उघडून ठेवले होते.

मी हे कोणास बोललो नाही. खिल्लारेही बोलले नाहीत. यंदा प्रजासत्ताकदिनी त्यांनी धोरणाची सुधारित प्रत पाठविली. पाठविण्यापूर्वी मला तपासावयास दिली होती. सहाव्या अध्यायातील मुख्य वचन तसेच आहे. जो प्रथम उघडतो तो कायमचा दुसरा. त्याखाली एक नवे कलम आहे, एका ओळीचे: सीमेवरील कुलपांस दरमहा तेल द्यावे.

मी त्यात काहीही दुरुस्ती सुचविली नाही.